करार कोणत्या माशाचा? कावेरीचा कुबडा महसीर आणि लोणावळ्याचं बीज

आजचा विषय आहे एक मासा, आणि त्या माशाच्या नावाने माणसांनी आपापसात केलेले करार. मासा गोड्या पाण्यातला, कावेरीचा. त्याला कुबडा महसीर म्हणतात. आता आपल्या श्रोत्यांपैकी काहींना वाटेल, कावेरीचा मासा, त्याचं आपल्याला काय? पण या गोष्टीत पुणे येतं, शिरूर येतं, आणि लोणावळा तर अगदी मधोमध येतं. म्हणून ती मराठीतून सांगावी असं आम्हाला वाटलं.

आधी मासा बघूया. महसीर हा कार्प कुळातला, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रोहू-कटल्याचा लांबचा भाऊबंद. पण त्याची राहणी वेगळी. त्याला वाहतं, दगडाळ, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. उन्हाळ्यात तो खोल डोहात बसून राहतो आणि पावसाळ्यात पाणी चढलं की प्रवाहाविरुद्ध वर जाऊन अंडी घालतो. जाड ओठ, तोंडाशी मिशा, तळहाताएवढे खवले. देशावर याच्या जातभाईला खडची म्हणतात. कावेरीतल्या माशाची ओळख मात्र लांबूनही पटते. डोकं संपतं तिथून पाठ एकदम वर उचललेली आणि पर केशरी-लालसर. १९४६ मध्ये म्हैसूरच्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी कावेरीची उपनदी असलेल्या काबिनीत गळाने एक मासा धरला. वजन १२० पौंड, म्हणजे साधारण ५४ किलो. एका प्रौढ माणसाएवढा मासा! गळाने धरलेल्या महसीरांमध्ये तो आकडा आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. व्हॅन इंगेन घराणं म्हैसुरात वाघ-बिबट्यांत भुसा भरून देण्याच्या कामासाठी प्रसिद्ध होतं, हे जाता जाता.

तर एवढा मोठा, एवढा गाजलेला मासा. आणि २०१८ पर्यंत विज्ञानाच्या दप्तरात त्याला धड नाव नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे.

नावाचा घोळ सुरू होतो आपल्याकडेच. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातला अधिकारी. दख्खनची सगळी आकडेवारी गोळा करणं हे त्याचं काम. लोकसंख्या, पिकं, पाऊस, आणि त्याबरोबरच पक्षी नि मासेही. त्याने दख्खनचे मासे १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. या माणसाची एक सवय आम्हाला फार आवडते. मासे धरणारे लोक जे नाव सांगतील तेच तो लॅटिन नावात बसवायचा. मुळा-मुठेतला महसीर त्याने नोंदवला तो ‘खुदरी’ म्हणून. शास्त्रीय नावात आजही तो टोर खुदरी आहे. कोळस नावाचा मासा ‘कोलस’ झाला. आणि शिरूरजवळ घोड नदीत मिळालेला एक मोठा मासा ‘मुसुल्ला’ झाला. पुण्या-शिरूरकडच्या, नाव-गाव नसलेल्या मासेमारांच्या तोंडचे शब्द अशा रीतीने जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसले.

पुढच्या शंभर वर्षांत गडबड अशी झाली, की घोड नदीचं हे मुसुल्ला नाव अभ्यासकांनी उचललं आणि कावेरीच्या कुबड्या महसीरला चिकटवलं. पुस्तकांत, याद्यांत, गळवाल्यांच्या वह्यांत तो टोर मुसुल्ला म्हणून वावरू लागला. खरं म्हणजे साइक्सचा मुसुल्ला हा महसीर नव्हेच. तो वेगळ्याच गणातला मासा आहे, हे एकविसाव्या शतकात तज्ज्ञांनी दाखवून दिलं. म्हणजे कावेरीचा हा राजा शतकभर दुसऱ्याच्या नावावर जगत होता.

आता कराराकडे येऊ. सगळ्यात जुना करार कागदावरचा नाही, तो देवाशी केलेला आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. आपल्यापैकी काहीजण गेलेही असतील. वरदायिनी देवीचं स्थान. त्या कोंडातले मासे देवीचे, म्हणून कोणी धरत नाही. लोक त्यांना खायला घालतात आणि मोठमोठे महसीर वर येतात. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे इथे असंच आहे, महादेवाच्या आश्रयाने. कर्नाटकात तुंगेवर शृंगेरी, कावेरीवर रामनाथपूर, दक्षिण कन्नडमध्ये शिशिल. भारतभर असे डोह आहेत. यात कुणी सही केलेली नाही, मुदत नाही, दंडही लिहिलेला नाही. तरी करार पाळला जातो. कारण गावात राहायचं असेल तर मोडता येत नाही.

पण या कराराची हद्द फार छोटी असते. पुलापासून घाटापर्यंत. मासा पावसाळ्यात वर चढला की तो देवीचा राहत नाही. आणि डोहातही बाहेरच्या माणसाला गावाची लाज नसते. शिशिलला १९९६ मध्ये पाण्यात विष कालवलं गेलं आणि हजारो मासे मेले. गावकऱ्यांनी त्या माशांचं स्मारक बांधलं. माशांचं स्मारक! श्रद्धा किती खरी होती हे त्यातून दिसतं, आणि ती किती हतबल होती हेही.

दुसऱ्या तऱ्हेचा करार आला इंग्रजांबरोबर, आणि तो आला गळाच्या शौकातून. हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी, दक्षिण कॅनराचा कलेक्टर. १८७३ मध्ये त्याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. त्याच्या लेखी महसीर म्हणजे विलायतेतल्या सामनलाही मागे टाकणारा मासा. पण तो नुसता शौकीन नव्हता. लहान पिल्लंसुद्धा जाळ्यातून सुटत नाहीत, नद्यांत विष टाकलं जातं, याबद्दल त्याने सरकारकडे लिहिलं. त्याच सुमारास फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाचा गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा अहवालही आला. पुढे १८९७ चा मत्स्यव्यवसाय कायदा झाला आणि नदीत सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं गुन्हा ठरलं. कायदा झाला खरा. नदीकाठी बघायला कोण होतं, हा प्रश्न तेव्हाही होता.

स्वातंत्र्यानंतर गळवाले साहेब गेले. कावेरीवर १९३० च्या दशकापर्यंतच वर कृष्णराजसागर आणि खाली मेट्टूर अशी दोन मोठी धरणं उभी राहिली होती. मधल्या पट्ट्यात, शिवनसमुद्राच्या धबधब्याखाली, नदी दाट जंगलातून, खडकांतून वाहते. तिथे रस्ते नव्हते म्हणून मासा टिकला. बाहेरच्या जगात मात्र अशी समजूत झाली होती की दक्षिणेतला तो प्रचंड महसीर संपला. १९७७-७८ मध्ये इंग्लंडहून तीन गळवाले तरुण जगप्रवासावर निघाले आणि हिंडत हिंडत कावेरीवर पोहोचले. त्यांना मासा मिळाला. मोठा मिळाला. बातमी तिकडे गेली आणि परदेशी गळवाल्यांची रीघ लागली.

त्याआधीच, १९७२ मध्ये, बंगळूरमध्ये वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही संस्था निघाली होती. तिला सगळे ‘वासी’ म्हणतात. या मंडळींनी जे केलं ते आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. त्यांनी राज्याच्या मत्स्य विभागाकडून नदीचा एक पट्टा ठेक्याने घेतला. आपल्याकडे गावतळी आणि पाझर तलाव मासेमारी सोसायटीला ठेक्याने देतात ना, तसाच प्रकार. फरक इतकाच, की सोसायटी ठेका घेते मासे काढण्यासाठी आणि यांनी घेतला मासे न काढण्यासाठी. गळाने धरायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं आणि परत पाण्यात सोडायचा. पुढे कोडगूतल्या निसर्गप्रेमींच्या संस्थेनेही वळनूरच्या बाजूला असाच पट्टा घेतला. आणि कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस या कंपनीने भीमेश्वरी, गालीबोरे, दोड्डमकळी इथे गळवाल्यांसाठी तळ उभारले.

हा करार चालायचा कसा, ते नीट पाहू. पाहुणे येणार ते पैसे देऊन. त्या पैशातून राखणदार ठेवायचे. राखणदार कोण? काठावरच्या गावांतली तीच माणसं, जी आधी जाळी लावत होती, जिलेटिनच्या कांड्या टाकत होती. त्यांना नदीचा दगड न् दगड ठाऊक. कुठल्या खडकाखाली मासा बसतो, पाणी कधी चढणार, चोर कुठल्या वाटेने येतात. त्यांना पगार मिळाला, गणवेश मिळाला, गोल टोपलीसारख्या नावांतून रात्री गस्त सुरू झाली. पाहुण्यांना मासा दाखवायलाही तेच. नाचणीच्या पिठाचा लगदा उकडून, त्याचे गोळे करून गळाला लावायचे, हे त्यांचंच तंत्र. साहेबाच्या महागड्या गळाला शेवटी नाचणीचा गोळा! जिवंत मासा मेलेल्या माशापेक्षा जास्त कमावून देतो, हा हिशेब गावात पटला. तो पटला म्हणून करार टिकला.

कागदावर तिथे दोनच पक्ष होते, विभाग आणि संस्था. प्रत्यक्षात तिसरा पक्ष होता काठावरचं गाव, आणि खरा करार त्याच्याशी होता. पण गावाची सही कुठेच नव्हती. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. पुढे करार मोडला तेव्हा नेमकी हीच गोष्ट आड आली.

आता लोणावळ्याला येऊया.

टाटांच्या वीज कंपनीचे घाटमाथ्यावर तलाव आहेत. वळवण, लोणावळा, शिरवटा, मुळशी, ठोकरवाडी. इंद्रायणी आणि मुळेच्या खोऱ्यातलं पाणी अडवून ते कोकणात उतरवतात आणि वीज करतात. धरणं बांधली की महसीरची चढायची वाट बंद होते, हे आपण आत्ताच पाहिलं. १९७० च्या सुमारास कंपनीने वळवणला महसीरचं बीज तयार करायचं ठरवलं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे राज्याच्या मत्स्य विभागातून निवृत्त झालेले जाणते अधिकारी त्यात होते. नंतर एस. एन. ओगले यांनी ते काम बरीच वर्षं पुढे नेलं. पिकलेल्या मादीच्या पोटावर हलक्या हाताने दाब देऊन अंडी काढायची, नराची मिल्ट त्यावर सोडायची, हलवायचं, आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये अंडी पसरून ठेवायची. कार्पच्या मानाने महसीरची अंडी थोडी आणि मोठी, उबायलाही वेळ लागतो. भारतात महसीरचं कृत्रिम प्रजनन इतक्या मोठ्या प्रमाणावर आधी कुणी केलेलं नव्हतं. डॉ. कुलकर्णींनी त्या अंड्यांचं आणि पिल्लांचं वर्णन १९७१ मध्ये मुंबईच्या बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापलं. वाचण्यासारखं आहे. सरकारी अधिकाऱ्याचं लिखाण वाटत नाही, पाहणाऱ्याचं वाटतं.

हे बीज कोणत्या माशाचं? साइक्सच्या खुदरीचं. निळसर परांचा दख्खनी महसीर. तो आपला, इथलाच. आणि तेव्हा सगळीकडे ओरड होती की महसीर संपत चाललाय. मग बोटुकली जिथून मागणी येईल तिथे जाऊ लागली. अनेक राज्यांत गेली, कर्नाटकात गेली, कावेरीत सोडली गेली. पुढे कोडगूत हारंगीला सरकारी केंद्रातही हाच मासा वाढवला जाऊ लागला. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. नदीतला महसीर वाचवायचा, तर नदीत महसीर सोडायचा. यात वावगं काय दिसणार?

करारातही शब्द तोच होता, महसीर. ठेका घेणाऱ्याने महसीर राखायचा. आता राखणदार रात्री नावेत बसून जो राखत होता तो केशरी परांचा का निळ्या परांचा, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. दोन्ही महसीरच.

आणि इथे गळवाल्यांच्या वह्या कामाला आल्या. गालीबोरेच्या तळावर १९९८ ते २०१२ या काळात प्रत्येक गळवाल्याने किती तास गळ टाकला, कोणता मासा धरला, किती पौंडांचा, हे लिहून ठेवलेलं होतं. एड्रियन पिंडर हे इंग्लंडमधले मत्स्यशास्त्रज्ञ आणि केरळचे राजीव राघवन यांनी त्या नोंदी मागवून घेतल्या. २३,६२० तासांची गळाने केलेली मासेमारी आणि ६,१६१ महसीर. हौसेखातर लिहिलेल्या वह्यांतून इतकी सलग आकडेवारी मिळावी हे भारतातल्या कुठल्याही नदीबद्दल नवलच. साधारण प्रत्येक चार तासांमागे एक मासा.

वरवर पाहिलं तर आकडे आनंदाचे होते. वर्षागणिक मासे जास्त मिळत होते. राखणीचा फायदा होत होता, करार काम करत होता. पण सरासरी वजन उतरत होतं. म्हणून त्यांनी जाती वेगळ्या काढल्या. वाढत होता तो निळ्या परांचा, लोणावळ्याच्या कुळातला. आणि कुबडा? १९९८ मध्ये त्याचं निळ्याशी प्रमाण साधारण चारास एक होतं. २०१२ मध्ये २१८ ला एक. जे थोडे कुबडे मिळत होते ते मोठे, वयस्क. लहान पिल्लं जवळजवळ नव्हतीच. म्हणजे म्हातारे उरले होते आणि मागून कुणी येत नव्हतं.

निळ्याने कुबड्याला हटवलं नक्की कसं? खाणं एक, डोह एक, अंडी घालायच्या जागा एक, आणि वरून दरवर्षी नवी भरती. धरणं, वाळूउपसा, सुरुंग हे सगळंही सोबत होतंच. सगळा दोष बोटुकल्यांवर टाकणं न्याय्य होणार नाही असं आमचं मत आहे. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. त्याच पाण्यात, तीच धरणं आणि तेच सुरुंग सोसून, एक मासा वाढत होता आणि दुसरा मरत होता.

यात एक विचित्र गोष्ट आहे. आययूसीएनच्या लाल यादीत तेव्हा खुदरीची नोंद ‘धोक्यात’ अशी होती. म्हणून त्याचं बीज सोडायला आणखी जोर. कुबडा त्या यादीत नव्हताच. नाव नाही, तर नोंद कशी होणार? यादीतल्या माशाला वाचवताना यादीबाहेरचा मासा जात होता.

मधल्या काळात करारही मोडला. तोही निसर्गरक्षणाच्याच नावाने. कावेरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालेलं होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची व्याख्या रुंद आहे. प्राण्याला पकडणं हीसुद्धा शिकार. मग अभयारण्यात गळ टाकून मासा धरणं, भले तो लगेच सोडा, हीसुद्धा शिकारच, असा अर्थ लावला गेला. २०१२ पर्यंत तळांवरचं गळ टाकणं बंद झालं. कायद्याचा हा अर्थ चुकीचा आहे असं आम्ही म्हणत नाही. अभयारण्यात पैसेवाल्यांनी माशाशी खेळावं का, हा प्रश्न रास्तच आहे. पण परिणाम पाहा. पाहुणे थांबले, पैसे थांबले, राखणदार घरी गेले. त्यांच्याशी कुणी काही लिहून दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते मागणार तरी कोणाकडे? जुना धंदा त्यांना येतच होता. पट्ट्यात पुन्हा सुरुंगाचे आवाज येऊ लागल्याचं अभ्यासकांनी लिहिलं. आणि पंधरा वर्षं चाललेली वही त्याच वर्षी थांबली.

इथे क्षणभर अमेरिकेत जाऊन येऊ, कारण तुलनेला एक बरं उदाहरण आहे. ओरेगन राज्यात विलामेट नदीच्या खोऱ्यात बोटभर लांबीचा एक मासा आहे, ओरेगन चब. दिसायला अगदी साधा. कुणी त्याला गळाने धरत नाही, कुणी खात नाही. पूर येणं थांबल्याने त्याची दलदलीची डबकी आटली, आणि बाहेरून आणून सोडलेल्या माशांनी त्याला खाल्लं. १९९१ मध्ये शास्त्रज्ञांनी एक काम केलं. शेजारच्या अंक्वा नदीतला सारखाच दिसणारा मासा वेगळी जात आहे, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे विलामेटचा मासा नेमका कोणता आणि किती उरला, हे मोजता आलं. लगेच १९९२ मध्ये तिथल्या मत्स्य, वन, धरणं सांभाळणाऱ्या अशा निरनिराळ्या सरकारी खात्यांनी आपसात संवर्धनाचा करार केला. १९९३ मध्ये तो संकटग्रस्त यादीत आला. तेव्हा त्याच्या माहीत असलेल्या वस्त्या फक्त आठ होत्या. पुढे खासगी जमीनमालकांशी करार झाले. आपल्या तळ्यात हा मासा राहू द्या, त्या बदल्यात उद्या कायद्याचा नवा जाच तुमच्यामागे लागणार नाही, असं सरकारने लिहून दिलं. शेतकऱ्याला भीती त्याचीच असते ना, की दुर्मिळ प्राणी सापडला म्हणजे जमीन गेली! ती भीती कागदावर काढून टाकली. २०१५ मध्ये ओरेगन चब यादीतून बाहेर आला. संख्या सावरली म्हणून यादीबाहेर आलेला अमेरिकेतला तो पहिला मासा.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. तिकडच्या कागदात माशाचं नेमकं नाव होतं, डबकी मोजलेली होती, बाहेरचे मासे त्यात येता कामा नयेत ही अट होती, आणि ज्याच्या दारात मासा होता त्याची सही होती. तिकडे पैसा होता, यंत्रणा होती, हे सगळं खरं. आणि बोटभर माशाची तळी राखणं सोपं, दोन राज्यांची भांडणं वाहून नेणारी कावेरी राखणं अवघड, हेही खरं. तरी माशाचं नेमकं नाव आणि गावाची सही, या दोन गोष्टींना फार पैसा लागत नाही.

आता कुबड्याच्या नावाची गोष्ट पुरी करू. केरळात पांबार नावाची छोटी नदी आहे. ती पुढे अमरावतीला मिळते आणि अमरावती कावेरीला. कुरुप आणि राधाकृष्णन या अभ्यासकांनी तिथल्या लहान महसीरांवरून एक नवी जात नोंदवली होती. चेन्नईच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणातल्या मत्स्यतज्ज्ञ के. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ तिला नाव दिलं टोर रेमादेवी. नमुने पिल्लांचे. त्या पिल्लांकडे बघून कुणाच्या मनात येणार, की याच माशाचा मोठा भाऊ ५४ किलोंचा होतो? पिंडर, राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुबड्याचे नमुने शोधले. कावेरीच्या मुख्य पट्ट्यात मिळणं मुश्किल, म्हणून गेले मोयारला. निलगिरीच्या उत्तर अंगाने, मुदुमलाई आणि सत्यमंगलमच्या जंगलांतून वाहणारी ही नदी. तिथे कुबडा मिळाला. डीएनए तपासला, तो पांबारच्या पिल्लांशी जुळला. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्या वर्षी त्याला नाव मिळालं त्याच वर्षी लाल यादीत त्याची नोंद झाली, ‘अति धोक्यात’ या सर्वांत गंभीर वर्गात. नाव आणि इशारा एकाच वर्षी.

खुदरीचं उलटं झालं. नव्या मूल्यांकनात त्याचा धोका कमी ठरला. २०२० मध्ये ती बातमी आपल्या वर्तमानपत्रांतही आली, लोणावळ्याच्या कामाचं यश म्हणून. ते यश खोटं नाही. सह्याद्रीच्या तलावांत, आपल्या नद्यांत तो मासा त्यांच्यामुळे दिसतो. पण लाल यादीच्या एका टोकाला एक महसीर खाली उतरत होता आणि दुसऱ्या टोकाला दुसरा वर चढत होता, या दोन बातम्या कुठल्याच पेपरात शेजारी छापून आल्या नाहीत.

सध्या प्रश्न मोयारचा आहे. नदीचा बराच भाग व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीत येतो, त्यामुळे वनखात्याची राखण आहे, पण ती वाघासाठी. तिथे ठेका नाही आणि तळही नाही. आता मागणी आहे ती अशी, की कावेरी खोऱ्यात खुदरीचं बीज सोडणं पूर्ण थांबवावं आणि मोयार, भवानी, पांबार या पाण्यात ते चुकूनही जाऊ देऊ नये. दुसरी मागणी, रेमादेवीचंच बीज तयार करण्याची. त्याला जिवंत, पिकलेले नर-मादी लागतात, आणि ते आणायचे कुठून, तर जिथे मुळात थोडेच उरलेत तिथूनच. वळवणला अर्धशतक चाललेलं हाताचं कसब इथे उपयोगी पडू शकतं. डॉ. कुलकर्णींनी लिहून ठेवलेली पद्धत जातीने वेगळ्या महसीरलाही बरीचशी लागू पडावी. आणि गालीबोरेच्या काठावर ज्यांनी वीस वर्षं रात्री जागवल्या, ते राखणदार आता वयाने थकलेत. कुबडा कुठल्या डोहात बसतो हे तोंडी सांगू शकतील अशी माणसं त्या काठावर तीच.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊया.